आजगावकर कुणाला बुडू देत नसत

मस्कतच्या हमरिया भागात औषधांचं दुकान चालवणारे आमचे प्रभाकर आजगावकर तिथल्याच एका गोऱ्या मंडळात सुरपेटी वाजवत, आणि ते मंडळ इंग्लंड-आयर्लंडची जुनी लोकगीतं म्हणत असे. सुट्टीत पुण्याला गेल्यावर मी हे कुणाला सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग कांद्याच्या भावावर येतो. त्यात त्याची चूक नाही. दर मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः त्यांना गाडीतून तालमीला नेत होतो, आणि मलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं.

आमची इमारत एक. ते दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. त्यांना गाडी चालवता येत नसे. लायसन्सच्या परीक्षेत पोलिसाने त्यांना नापास केलं, कारण गोल चौकात ते समोरच्याला 'तुम्ही व्हा पुढे' असा हात करून थांबून राहिले. मागे रांग लागली. दुसऱ्या परीक्षेतही तेच झालं. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. "त्यांचा नियम वेगळा आहे, आमची रीत वेगळी आहे," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. आता शेजारधर्म म्हणून मी त्यांना एकदा अल हैलला तालमीला सोडलं आणि तिथपासून तो माझा धर्मच झाला.

मी विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे तपासायचे आणि जमेल तिथे नाकारायचे, हे माझं काम. गाण्यातलं मला काही कळत नाही. आजगावकरांना हे फार आवडे. "पाटणकर, तुला काही कळत नाही म्हणून तुझं मत खरं," असं म्हणत, आणि मत मात्र कधी विचारत नसत.

माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्मा कायम कपाळावर. औषधाचं नाव वाचायचं असलं की चष्मा खाली येई. गिऱ्हाइकाकडे बघायचं असलं की वर जाई. त्यांचं पहिलं निदान सगळ्यांना सारखं असे. ड्रायव्हर येवो, गवंडी येवो, एखादा कारकून येवो, आजगावकर म्हणत, "पानी कम पीते हो." मग पुढची चौकशी. बहुतेकदा निदान बरोबर निघे, कारण त्या उन्हात पाणी पुरेसं कुणीच पीत नाही. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. सुरुवातीला ते दुरुस्त करत असत, नंतर सोडून दिलं.

त्यांचं इंग्रजी औषधांच्या डब्यातल्या घडीच्या कागदावरून आलेलं होतं. त्यामुळे ते अचूक होतं आणि थोडं भीतीदायक होतं. मंडळाच्या एका लांबलचक गाण्याबद्दल त्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं, "धिस साँग मे कॉज ड्राउझिनेस." दुसरं एक जरा चावट गाणं होतं, त्यावर, "कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन." गोरे लोक हसत. आजगावकर हसत नसत, कारण त्यांनी विनोद केलेला नसे.

मंडळात ते शिरले त्याची गोष्ट साधी आहे. दुपारी एक ते चार हमरियातली दुकानं बंद. आजगावकर घरी जेवून येत आणि अर्ध्या ओढलेल्या शटरमागे बसून सुरपेटी वाजवत. वाजवत म्हणजे काय, सुरपेटीत वाजवायला फारसं नसतंच. एका हाताने भाता हलवायचा, की एकच सूर येत राहतो. त्या सुरावर दुसऱ्या कुणीतरी गायचं असतं. आजगावकरांच्या पेटीवर कुणी गात नसे. ते नुसता सूर धरून बसत आणि बाहेर रस्त्यावर ऊन पडलेलं असे.

हेलन नावाची एक स्कॉटिश बाई घशाच्या गोळ्यांसाठी एकदा साडेतीनलाच आली आणि शटरखालून वाकून आत बघू लागली. एका इंग्रजी शाळेत ती संगीत शिकवायची. उंच, केस पिकलेले, आवाज मात्र शाळेच्या मैदानावर पोचेल असा. मंडळ तिचंच. तिच्याकडे हँडल फिरवून सतत सूर धरणारं एक जुन्या धाटणीचं लाकडी वाद्य होतं. बाहेरचा दमटपणा आणि आतला एसी यांच्यात सापडून ते मधोमध तडकलं होतं. या बोलण्यातलं बहुतेक सगळं इंग्रजीत झालं. मी मराठीत सांगतो.

"हे काय आहे?" हेलनने विचारलं.

"सुरपेटी," आजगावकर म्हणाले. "प्रिस्क्रिप्शन लागत नाही."

"तुम्ही हा सूर किती वेळ धरू शकता?"

"चारला दुकान उघडतो. तोपर्यंत."

पुढच्या मंगळवारी ते तालमीला गेले. अल हैलला समुद्राच्या बाजूला हेलनचं घर होतं. हेलन गुडघ्यांत धरायचं एक सारंगीच्या कुळातलं वाद्य वाजवी. त्याच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. डेक्लन नावाचा एक आयरिश माणूस गाई आणि लाकडी बासरी वाजवी. तो तेल कंपनीत इंजिनियर, दाढीवाला, बोलायला अगदी कमी. बाकीचे तिघे-चौघे नोकरीच्या करारानुसार बदलत राहायचे, म्हणून त्यांची नावं सांगत नाही. त्यात आजगावकर कोपऱ्यात खुर्चीवर पेटी घेऊन बसले. हेलन ज्याला 'डी' म्हणे त्याला हे 'पांढरी दोन' म्हणत. महिन्याभरात सगळं मंडळ पांढरी दोन म्हणायला लागलं आणि पेचच मिटला.

आजगावकर या मंडळाला 'आमचं भजन' म्हणत. हेलनच्या तारा मस्कतच्या हवेत तटातट तुटायच्या. आजगावकरांनी औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या साठवून तिच्या वाद्याच्या पेटीत भरल्या. दर महिन्याला जुन्या काढून नव्या घालत. हेलन म्हणाली, इतकी काळजी माझ्या वाद्याची कुणी घेतली नव्हती. आजगावकर म्हणाले, "स्टोअर इन अ कूल ड्राय प्लेस," आणि पेटीचं झाकण लावलं.

खरी पंचाईत गाण्यांच्या शब्दांपासून सुरू झाली. पहिले काही आठवडे हे नुसता सूर धरत होते. मग एकदा त्यांनी शब्द नीट ऐकले आणि त्यांच्या लक्षात आलं, की या गाण्यांत माणसं फार मरतात. तालीम झाली की ते एकेकाचा निकाल लावू लागले. एका गाण्यात प्रेयसीची वाट बघत एक धनगर रात्रभर ओल्या गवतावर पडून राहतो आणि सकाळी मरतो. आजगावकर म्हणाले, "सर्दी अंगावर काढली." दुसऱ्या गाण्यात एक मुलगी वाईट बातमी ऐकते आणि त्याच संध्याकाळी दुःखाने प्राण सोडते. हे काही त्यांना पटेना. "दुःखाने माणूस इतक्या लवकर जात नाही. तिला आधीपासून काहीतरी असणार. ब्लड प्रेशर कुणी बघितलं होतं का?" डेक्लनने दाढी खाजवत सांगितलं, की त्या काळी बघत नसत. "मग दुःखाचं नाव कशाला घ्यायचं," आजगावकर म्हणाले.

हे सगळं गंमतीत चाले. पण गाण्यात कुणी समुद्रात बुडालं, की आजगावकर निदान करत नसत. चष्मा खाली घेत, भात्यावरचा हात थांबवत आणि विचारत, "दुसरी आवृत्ती नाही का याची?"

हेलनने एकदा त्यांना समजावलं होतं, की लोकगीताची एकच एक प्रत नसते. या गावात एक, खाडीपलीकडे दुसरी, डोंगरापलीकडे तिसरी. एकीत मुलगी वाट बघत मरते, दुसरीत तिचं लग्न होतं. हे सांगून तिने काय ओढवून घेतलं हे तिला नंतर कळलं. त्या बेटांभोवती सगळीकडे समुद्र. निम्म्या गाण्यांत कुणी ना कुणी जहाजावर जातो, आणि जो जातो तो बहुधा बुडतो. प्रत्येक बुडालेल्यासाठी आजगावकर दुसरी आवृत्ती मागत. हेलन बिचारी जुनी पुस्तकं उपसून, मायदेशी फोन करून ती शोधत बसे. आणि नवल म्हणजे बहुतेक वेळा मिळे. कुठल्या तरी परगण्यात, कुठल्या तरी म्हातारीने म्हटलेली अशी एक प्रत असायचीच, ज्यात खलाशी सात वर्षांनी परत येतो, दारात उभा राहतो, त्याला कुणी ओळखत नाही आणि शेवटच्या कडव्यात ओळख पटते.

"सात वर्षांनी," आजगावकर मला गाडीत समाधानाने सांगत. आमच्या खात्यात माणूस सात वर्षं सापडला नाही की तो मेला असं धरतात.

पहिल्या मोठ्या कार्यक्रमात त्यांनी घोळ घातला. एका साहेबाच्या बंगल्याच्या बागेत तो होता. पाहुणे बरेच, हवा डिसेंबरची, हातात पेले. डेक्लनने एक बुडालेल्या खलाशाचं गाणं इतकं सुरेख म्हटलं, की संपल्यावर कुणी टाळीही वाजवेना. एका बाईने डोळे पुसले. अशा वेळी कलावंताने मान खाली घालून बसायचं असतं. आजगावकर पुढच्या माइककडे झुकले आणि म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत तो सात वर्षांनी परत येतो. काळजीचं कारण नाही."

सगळी बाग हसत सुटली. हेलनचा चेहरा लाल झाला. मी शेवटच्या रांगेत होतो. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. परतताना मी भीत भीत विचारलं, काका, असं मध्येच बोलायची काय गरज होती?

"अरे, त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं," ते म्हणाले. "माझ्याकडे माहिती आहे आणि मी गप्प बसू? औषध दिलं आणि कसं घ्यायचं ते सांगितलं नाही, असं होईल ते."

हेलनने पुढच्या तालमीत त्यांना काढून टाकलं नाही. तिने ते वाक्य कार्यक्रमात कायम केलं. लोक पुढे त्याच्यासाठीच यायला लागले. गाणं संपलं, कुणी बुडालं, की सगळ्या माना कोपऱ्याकडे वळत. आजगावकर चष्मा कपाळावर सारत आणि तो परत आल्याची बातमी देत. लोक टाळ्या वाजवत. आजगावकरांना वाटे, टाळ्या तो सुखरूप आला म्हणून आहेत. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

मला हा सगळा म्हाताऱ्याचा हट्ट वाटे, तो समज सुमनकाकूंनी दूर केला. सुमनकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. एका मंगळवारी काकांना दुकानातून यायला उशीर झाला आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात सोलकढी पीत बसलो होतो. पुण्याहून मुलीचा फोन येऊन गेलेला होता. ती दर आठवड्याला एकच विचारी, आता तुम्ही दोघं परत कधी येणार? काका दर वेळी सांगत, अजून दोन वर्षं. आणि दर दोन वर्षांनी दुकानाच्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, सांगून व्हिसा वाढवून घेत.

मी सहज म्हणालो, काकू, तुमचं मन इथे चांगलं रमलंय वाटतं.

"माझा?" काकू म्हणाल्या. त्यांनी गॅस बंद केला. "अरे, माझा मन इथे एक दिवस रमला नाही. माका गावाक जावचा आसा. पण ह्येंका सोडवत नाय."

"दुकान?"

"दुकान कसला. दादा."

मग त्यांनी सांगितलं. काकांना एक मोठा भाऊ होता. आवाज असा, की वेंगुर्ल्याकडच्या कुठल्याही देवळात तो भजनाला उभा राहिला की माणसं जेवण टाकून येत. पेटी त्याचीच. तो गाई आणि धाकटा प्रभाकर खाली बसून सूर धरी. दादा डिझेल मेकॅनिक होता. वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कौलं आणि कांदे घेऊन निघालेल्या एका मालवाहू गलबताच्या इंजिनावर तो चढला. गलबत मस्कतला यायचं होतं. वाटेत वादळ झालं. गलबत आलं नाही, त्यावरचा एकही माणूस सापडला नाही, एक फळीसुद्धा कुठे लागली नाही.

"बारा वर्सांनी भटजी म्हणालो, पालाशविधी करून टाका," काकू म्हणाल्या. प्रेत मिळालं नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी. "सासूबाईंनी भटजीक उंबरठ्याभायर काढल्यान. नारळी पुनवेक सगळी बायकामाणसा समुद्राक नारळ देतत. सासूबाई जात आणि समुद्राक दम देत. माझो झील कधी आणून घालतस, बोल. आणि मरताना ह्येंका सांगितल्यानी, तो मस्कताक उतरलो आसतलो. तू थंयच रव."

काकूंनी हे सांगताना डोळ्यांना पदर लावला नाही. दादा गेला तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. त्यांनी त्याला फोटोत पाहिलं होतं. ज्याला कधी पाहिलं नाही अशा दिरासाठी ही बाई हमरियातल्या दोन खोल्यांत सगळी उमेद घालवून बसली होती. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तालमीला जाताना काकांना याची काही कल्पना नव्हती. ते कुठल्याशा व्हेल पकडणाऱ्या जहाजाच्या तांडेलासाठी दुसरी आवृत्ती मिळाली म्हणून खुशीत होते.

दोन हिवाळे असे गेले. मग डेक्लनचा करार संपत आला. एप्रिलअखेर शेवटचा कार्यक्रम आणि तो आयर्लंडला परत जाणार, असं ठरलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्याच्या आजीचं एक गाणं होतं, ते त्याला म्हणायचं होतं. आजीचा भाऊ मासेमारीच्या होडीतून गेला आणि बुडाला. घरच्या बायकांनी त्याच्यासाठी म्हटलेला तो शोक होता. आयरिश भाषेतला. सोबत फक्त एक सूर हवा, दुसरं काही नको.

डेक्लनने अर्थ सांगितला. आजगावकरांनी चष्मा खाली घेतला.

"दुसरी आवृत्ती?"

"नाही," डेक्लन म्हणाला.

"शोधलीत का? हेलन शोधेल."

"शोधायचं काय? आमच्या घरचं गाणं आहे. आजी म्हणायची आणि आता मी म्हणतो. एवढंच आहे ते."

आजगावकर बराच वेळ पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "प्रेत मिळालं होतं?"

"नाही."

"मग त्यांना कळलं कसं, की तो गेला?"

मी कोपऱ्यात खुर्च्या लावत होतो, तो थांबलो. "कळलं नाही," डेक्लन म्हणाला. "आजी सांगायची, तिची आई रोज किनाऱ्यावर जाऊन बसायची. एक वर्ष गेलं. मग शेजारच्या बायका आल्या आणि म्हणाल्या, आज म्हणून टाकू. त्यांनी हे म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून आई किनाऱ्यावर गेली नाही. शेतात गेली."

आजगावकरांनी पेटी बंद केली आणि सांगितलं, भाता फाटलाय. पुढच्या मंगळवारीही भाता फाटलेलाच होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी पट्टी सैल झाली. बाकीच्या गाण्यांना पेटी ठणठणीत होती. या एका गाण्यालाच ती आजारी पडे. हेलनने ते ओळखलं आणि आपल्या जाड्या तारेवर सूर धरायची तयारी केली. मला ती बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाली, "मी गाणं रद्द करू का? डेक्लनला वाईट वाटेल, पण मी करीन." मी तिला दादाचं सांगितलं. सांगायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. ती समुद्राकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस या माणसाला आशा पुरवत होते." मी म्हणालो, तुम्ही नसतात तर त्याने दुसरीकडून आणली असती.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी चारला, एका हॉटेलच्या छोट्या सभागृहात होता. बाहेर ऊन तापलेलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. कुरमच्या पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, "पाटणकर, तुमच्या कंपनीत सात वर्षं झाली की काय करता?"

"दावा मंजूर करतो," मी म्हणालो.

"आणि माणूस नंतर परत आला तर?"

"माझ्या नोकरीत तरी कुणी आलेलं नाही, काका."



सगळी गाणी ठरल्याप्रमाणे झाली. दोघे खलाशी बुडाले, काकांनी दोघांनाही परत आणलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी डेक्लन उभा राहिला. हेलनने गज उचलला, तेवढ्यात कोपऱ्यातून सूर आला. पांढरी दोन. हेलनने गज खाली ठेवला. डेक्लनने वळून पाहिलं, मान हलवली आणि गायला लागला.

मला गाण्यातलं कळत नाही, म्हणून वर्णन करत नाही. गाणं चढत नव्हतं, रडवत नव्हतं. एखादी बाई दुसरीला झाली हकीकत सांगते तसं ते चाललं होतं. आजगावकर डोळे मिटून, मान जराशी वर करून बसले होते, वर कुणी उभं राहून गातंय आणि आपण खाली बसून सूर धरलाय असे. हात मात्र एकदाही अडखळला नाही.

गाणं संपलं. डेक्लन गप्प झाला, तरी सूर चालूच राहिला. मग भाता सावकाश मिटला. सभागृहात नेहमीचे लोक होते. सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या, काहींच्या ओठांवर आधीच हसू आलं होतं. आजगावकर माइककडे झुकले. चष्मा कपाळावर सारला.

"याला दुसरी आवृत्ती नाही," ते म्हणाले. "थँक यू."

कुणी हसलं नाही. टाळ्या उशिरा आल्या आणि दबकतच आल्या. डेक्लन त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि त्यांचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलला. काय ते मी विचारलं नाही.

परत येताना त्यांनी पेटी मागच्या सीटवर ठेवली. उजेड अजून होता. हमरियात दुकानं उघडून गर्दी झाली होती; त्यांच्या दुकानापुढे एक ड्रायव्हर 'डॉक्टर' म्हणून हात करत उभा होता, तिकडेही त्यांनी बघितलं नाही. मी पेटी घेऊन त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. घंटा मीच वाजवली.

काकूंनी दार उघडलं. काका आत गेले नाहीत. उंबरठ्याबाहेर, चपला काढून, हात अंगाशी धरून उभे राहिले. दाराच्या चौकटीलासुद्धा हात लावला नाही. आपल्याकडे मृत्यूची बातमी घेऊन आलेला माणूस आंघोळ होईपर्यंत असा उभा राहतो. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं पुण्याच्या मुलीचं नाव त्यांच्या मनात येऊन गेलं असावं, कारण त्यांनी भिंतीला हात टेकला.

"कोण गेला?"

"दादा," काका म्हणाले.

काकू जराही चकित झाल्या नाहीत. कधी, कसा, कुणी कळवलं, असं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खांद्यावरचा पदर घट्ट केला आणि वाटेतलं पायपुसणं, खुर्ची, वाळत घातलेले कपडे, अंगाला शिवेल असं सगळं बाजूला केलं. न्हाणीपर्यंतची वाट मोकळी झाली.

"पाणी काढतंय," त्या म्हणाल्या. "डोक्यावरसून घेवा."

"गीझर लावू नको," काका म्हणाले. "टाकीतला पाणी कढतच आसा."

आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला, आणि ते आत गेले.